दुखरी वेळ

वसुमतीने मुलीच्या उजव्या पायातला बूट ओढून काढला, पण मोजा बुटाबरोबर निघाला नाही. तो टाचेला घट्ट चिकटला होता. तिने बूट उलटा केला, आत बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं. तळातून वर आलेला खिळा तिला टोचला होता.

"हा कधीपासून आहे?"

"कोण?" सुलभाने विचारलं. ती ओट्यावर बसून मोकळा पाय हलवत होती. शाळेपासून घरापर्यंत ती त्या खिळ्यावर चालत आली होती. वाटेत मैत्रिणीशी शर्यत लावली होती आणि आपण जिंकलो, हे फाटकातूनच ओरडून सांगितलं होतं.

वसुमतीने मोज्यावर कोमट पाणी सोडलं. पाणी लाल होऊन पायरीवरून खाली उतरलं. सुलभाने वाकून त्याच्याकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे.

"रक्त आलंय. मी रडू का?"

"नको."

सत्यवतीअक्का हळदीची वाटी घेऊन बाहेर आली. ती वसुमतीची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती बसवनगुडीच्या या घरात राहत होती. वसुमती संशोधन संस्थेत कामाला असताना पोरीला तीच सांभाळत असे.

"सकाळी बूट मीच घातले," ती म्हणाली. "आत हात घालून बघायचं राहिलं गं."

जखम बांधून झाल्यावर वसुमतीने रोजच्यासारखी बाकीची तपासणी सुरू केली. सुलभाने न सांगता आधी तोंड उघडलं. जिभेच्या कडेला जुन्या चाव्यांचे व्रण होते. मग तिने दोन्ही हात पुढे केले, बोटं फाकवली, तळवे उलटसुलट केले. डाव्या तळव्यावर भाजल्याचा जुना डाग होता. चुलीजवळ मांजराशी खेळताना तिने तो हात तापलेल्या तव्यावर टेकला होता, आणि घरात वास सुटेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. गेल्या वर्षी मोडलेल्या घोट्यावर ती लंगडत शाळेत जात राहिली होती. ती सात वर्षांची होती. दुखणं म्हणजे काय, हे तिला जन्मापासून ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर नरसिंहराव धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आले. वसुमतीच्या वडिलांचे ते मित्र. सुई आत जाताना सुलभा टक लावून पाहत होती आणि ती इतक्या हळू का ढकलता, असं तिने त्यांना विचारलं. डॉक्टर हसले. व्हरांड्यात आल्यावर मात्र ते हसत नव्हते.

"भाजणं, कापणं, हाड मोडणं हे दिसतं अम्मा. रोज अंग तपासलं की झालं. मला भीती पोटाची आहे. उद्या आतडं सुजलं तर ओरडून सांगणार कोण? ताप चढेपर्यंत उशीर झालेला असतो."

"काहीच औषध नाही?"

"दुखणं थांबवायची ढीगभर आहेत माझ्याकडे. सुरू करायचं एकही नाही."

वसुमती खांबाला टेकली. "डॉक्टर, अशी मुलं मोठी होतात?"

सुईची डबी पिशवीत ठेवायला त्यांनी फार वेळ लावला.

"काही होतात," ते म्हणाले.

त्या रात्री नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की खिळा लागला होता, इंजेक्शन झालं. उपेंद्र पुण्याचा. सरकारी कारखान्यात इंजिनियर होता आणि त्या महिन्यात पहिल्या पाळीला जात होता. त्याने सुलभाचे सगळे बूट आणि चपला दिव्याखाली ओळीने मांडल्या आणि एकेकीचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला. बराच वेळ तो तेच करत होता.

संस्थेतली वसुमतीची खोली जिन्याखाली होती. खिडक्यांना काळा कागद डकवलेला. मांडण्यांवर दुधाच्या असाव्यात तशा बाटल्या, प्रत्येकीत रव्यागुळाची घट्ट पेज आणि वर कापसाचा बोळा. त्यांत तीळभर आकाराच्या फळमाश्या वाढत. मज्जातंतूंवर काम करणारी ही बाई केळ्यावरच्या माश्या पाळते, याचं सुरुवातीला इतरांना हसू येई. अक्का अजूनही "तुझी ती नोणं" असंच म्हणे. नोण म्हणजे कानडीत माशी. पण त्या अंधाऱ्या खोलीत वसुमतीने वर्षानुवर्षं एक गोष्ट पाहिली होती. कोषातून माश्या बाहेर पडायच्या त्या पहाटेच्या सुमारास. त्यांना उजेड कोणी दाखवत नसे, तरी त्यांच्या अंगात कुठेतरी सकाळ होई.

अलीकडे ती अळ्यांवर काम करत होती. तापलेली तार हलकेच टेकवली की अळी गडगडत दूर जाते. दुपारी ती सावकाश वळे, पहाटेपूर्वी एकदम. अळीला दुखतं, असं वसुमती कधी लिहीत नसे. 'प्रतिसाद' हा शब्द वापरी. माश्यांचा एक वाण असा होता की त्याच्या अळ्यांना तार लागली तरी त्या जागच्या हलत नसत. तिच्या हाताखाली काम करणारा बेळगावकडचा विश्वेश्वर त्यांना बधिर म्हणे.

खिळ्याच्या प्रकारानंतर काही दिवसांनी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे जागरणाने लाल झाले होते.

"मॅडम, बधिर अळ्यासुद्धा वळल्या. अगदी पहाटे. बाकी दिवसभर ढिम्म."

"तुला आधी माहीत होतं कुठली बाटली कुठली. माहीत असलं की हवं ते दिसतं. चिठ्ठ्या झाकून परत कर."

"झाकल्या होत्या."

"मग दुसऱ्या कोणाकडून झाकून घे. तुलाही कळता कामा नये."

त्याने तसं केलं. आठवडाभराने उत्तर तेच आलं. बधिर अळ्या दिवसातून एकदाच, उजाडण्याआधी थोडा वेळ, तारेपासून दूर पळत होत्या.

वसुमती स्टुलावर बसली. मुंबईला, वेल्लोरला, इथे, सुलभाला जिथे जिथे नेलं होतं, तिथे तिला दहा ते पाचच्या मधेच तपासलं होतं. पहाटे कोणी टोचून पाहिलं होतं? काहीच नसणं वेगळं आणि झोपलेलं असणं वेगळं. माणसाचं पोर म्हणजे माशी नव्हे, हे तिला चांगलं कळत होतं. ते कळणं बाजूला ठेवायला तिला घरापर्यंतचा बसचा प्रवास पुरला.

दुसऱ्या पहाटे कारखान्याची बस उपेंद्रला कोपऱ्यावरून घेऊन गेली, अक्का न्हाणीघरात गेली, आणि वसुमतीने सुलभाला उठवून बसवलं. एक टाचणी ज्योतीवरून फिरवून घेतली.

"डोळे मीट. मी हाताला कधी टाचणीचं डोकं लावीन, कधी टोक. टोकाने दुखतं. दुखलं तर सांगायचं."

"दुखतं म्हणजे कसं?"

वसुमतीला ते सांगता येईना. "कळेल तुला," ती म्हणाली.

"लावलंस," सुलभा म्हणाली. मग परत, "लावलंस." स्पर्श तिला कळत होता. टोक आणि डोकं मात्र तिला सारखंच होतं. हातावर रक्ताचा बारीक मणी आला, तेव्हा वसुमतीने थांबून तो पुसला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

तिने रोज ते केलं. वेळ थोडी अलीकडे घेतली, थोडी पलीकडे. दंडावर केलं, पोटरीवर केलं. सुलभा कुरकुर करत नसे. केस विस्कटलेले, डोळे मिटलेले, जांभया देत ती हात पुढे करून बसे. उपेंद्रला वसुमतीने काही सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता, आणि त्याचं बरोबर होतं.

आणि मग एका पहाटे टोक कातडीला लागलं आणि सुलभा म्हणाली, "दुखलं."

वसुमती हलली नाही. टाचणी फिरवून तिने डोकं लावलं.

"आता नाही."

टोक.

"आता दुखलं."

पुन्हा डोकं, पुन्हा डोकं, मग टोक. सुलभाने एकदाही चूक केली नाही. वसुमतीने टाचणी टाकून तिला मिठीत घेतलं. ती हसत होती की रडत होती, हे तिचं तिला कळत नव्हतं. सुलभाही खुदकन हसली. आईला इतकं खूश तिने पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी वसुमती दुपारीच घरी आली आणि तीच चाचणी पुन्हा केली. दुपारी काही हाती लागणार नाही, हे तिला माहीतच होतं. तिने भराभर टाचणी फिरवली. सुलभा दर वेळी "नाही" म्हणाली. अळ्यांसारखंच होतं. अगदी तसंच.

उपेंद्र परतला तेव्हा ती फाटकाशी उभी होती. तिने सगळं सांगितलं, टाचणीसकट. तो कठड्यावर बसला. कारखान्याचा बिल्ला अजून त्याच्या खिशाला लटकत होता.

"परत सांग."

तिने परत सांगितलं. तो रागावेल म्हणून तिने तयारी ठेवली होती. पण तो उठून आत गेला आणि मुलीसमोर उकिडवा बसला.

"सुलू, दुखलं म्हणजे कसं गं वाटलं?"

सुलभाने विचार केला. आईकडे पाहिलं.

"टोचल्यासारखं," ती म्हणाली.

उपेंद्रने चष्मा काढून पुसला. मग त्याच पावली गांधीबझारला जाऊन मैसूरपाक घेऊन आला.

अक्काने मैसूरपाक देवापुढे ठेवला, पण खाल्ला नाही. कितीतरी मंगळवार ती सुलभासाठी बनशंकरीच्या देवळात जाऊन राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवा लावत होती, तेव्हा तिने आनंदाने नाचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सुलभाला न्हाऊ घालताना तिने वसुमतीला हाक मारली आणि पोरीचा दंड वर करून दाखवला. कोपरापासून खांद्यापर्यंत लाल ठिपके होते.

"हे सगळं तू केलंस?"

"अक्का, तिला कळायला लागलंय."

"तेच विचारते. दुखतं म्हणते पोर, तरी टोचतेस?"

वसुमतीने टॉवेल मुलीच्या खांद्यावर टाकला. "स्वल्प दिवस, अक्का. डॉक्टरांना दाखवेपर्यंत. मग संपलं."

"तिला दुखत असेल तर तू राक्षसीण आहेस, वसू," अक्का हळूच म्हणाली. "आणि दुखत नसेल तर..." ती तिथेच थांबली आणि पोरीचे केस पुसू लागली.

नरसिंहरावांनी ऐकून घेतलं. वयाने आणि स्वभावाने ते लगेच हो म्हणणारे नव्हते. पण वसुमतीने त्यांच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती, आणि सोडत नव्हती. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "पहाटेच या. दवाखाना उघडतो मी."

उपेंद्रने रजा काढली. अंधार होता तेव्हाच तिघं निघाले. वाटभर सुलभा दोघांचे हात धरून मधे लोंबकळत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच दिवा लावला होता. त्यांनी सुलभाच्या डोळ्यांवर स्वच्छ फडकं बांधलं.

"तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसा," ते म्हणाले.

"मी असते तिच्याजवळ नेहमी."

"म्हणूनच."

दार लोटलं गेलं. बाकावर दोघं शेजारी बसली. उपेंद्र पुढे झुकून ऐकत होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "आता काय वाटतं, मरी, बाळा?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"आई कुठेय?" सुलभा म्हणाली.

"बाहेर आहे. तू सांग. हे दुखतं?"

"आई कुठेय?"

"आणि हे?"

"आईला बोलवा ना."

"घाबरली असेल," उपेंद्र कुजबुजला. "अंधार, दवाखाना. घाबरणारच की."

चिठ्ठ्या झाकण्याबद्दल विश्वेश्वरला ती काय म्हणाली होती, ते वसुमतीला शब्दन्‌शब्द आठवत होतं. ते गेले कितीतरी दिवस तिला आठवत होतं, आणि रोज पहाटे टाचणी ज्योतीवर धरताना तिने ते मागे ढकललं होतं.

दार उघडलं. डॉक्टरांनी फक्त तिला आत बोलावलं आणि सुलभाच्या मागे एक खुर्ची सरकवून दिली. चपलांचा आवाज ऐकून सुलभा ताठ बसली. चेहऱ्यावरची भीती गेली. हात आपण होऊन पुढे आला.

डॉक्टरांनी सुई उचलली आणि टोक त्या हाताकडे नेलं. ते हाताकडे पाहत नव्हते, वसुमतीकडे पाहत होते. सुई कातडीच्या बोटभर वर येऊन थांबली. तिथेच राहिली.

"दुखलं," सुलभा म्हणाली, आणि फडक्याखालचं तोंड हसरं करून आईच्या दिशेने वळवलं.

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाबास," ते तिला म्हणाले.

बाहेर फटफटलं होतं. उपेंद्र बाकावरून उठला.

"काय झालं? काय म्हणाले?"

वसुमतीने नुसती नकारार्थी मान हलवली. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग खाली बसून सुलभाच्या चपलेचा पट्टा लावू लागला. तो लागलेलाच होता. त्याने सोडून परत लावला. मग तो म्हणाला, "मी जरा पुढे होतो," आणि भराभर चालायला लागला. त्याची पाठ कोपऱ्यावरून वळेपर्यंत मायलेकी उभ्या होत्या.

रस्त्यावर फुलांच्या टोपल्या घेऊन बाजाराकडे निघालेल्या बायका भेटत होत्या.

"बरोबर सांगितलं ना मी?" सुलभाने विचारलं.

"तुला कसं कळतं गं टोक लावलं ते?"

"तू थांबतेस ना तेव्हा."

"कशी थांबते?"

सुलभा रस्त्यात उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला, खांदे वर गेले, आणि श्वास तसाच धरून ठेवला. गाल फुगले. मग सोडून दिला. "असं. मग दुखलं म्हणायचं. नाही थांबलीस तर नाही म्हणायचं."

"आणि दुखलं म्हटलं नाही तर?"

"मग तू नळ सोडून रडतेस."

वसुमतीने तिचा हात घट्ट धरला. किती घट्ट, हे सुलभाने सांगितलं नसतंच. थोडं पुढे गेल्यावर वसुमतीने स्वतःच बोटं सैल केली आणि उमटलेले वळ पाहिले.

"सुलू, आता कोणी टोचणार नाही. नाही दुखलं तर नाही म्हणायचं. मी रडले तरी."

"बरं," सुलभा म्हणाली.

दुपारी वसुमती संस्थेत गेली, कारण घरात बसवेना. विश्वेश्वरने नव्या आकड्यांचा कागद तिच्यापुढे ठेवला. त्या पहाटेही बधिर अळ्या वळल्या होत्या. कुठे चूक काढायला जागा नव्हती. तो कौतुकाची वाट पाहत उभा होता.

"छान काम आहे," वसुमती म्हणाली. "तूच लिही यावर." तिचा आवाज असा आला की तो बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

रात्री कोणी फारसं जेवलं नाही. अक्काने सगळं ओळखलं होतं. तिने सुलभाच्या दंडाला खोबरेल लावलं आणि तिला भीमाची गोष्ट सांगत झोपवलं. अंथरुणावर पडल्यावर उपेंद्र अंधारात म्हणाला, "उद्यापासून आंघोळीच्या वेळी पोट मी दाबून बघत जाईन. डॉक्टरांकडून शिकून घेतो." थोड्या वेळाने म्हणाला, "तू विचारायला हवं होतंस मला."

"तू नको म्हणाला असतास."

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला. "नंतर नसतो म्हणालो."

पहाटे तो पाय न वाजवता उठून गेला. कोपऱ्यावर बस थांबली, निघाली. वसुमती जागीच होती. तिने गजर लावला नव्हता, टाचण्यांची डबी अक्काच्या हवाली केली होती. न्हाणीघरात तांब्याचा आवाज सुरू झाला.

शेजारच्या गादीवर पांघरूण हललं. कोणी उठवलं नव्हतं, तरी सुलभा उठून बसली. डोळे मिटलेले होते, केस तोंडावर आले होते. चाचपडत तिने झग्याची बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

"झोप, बाळ," वसुमती म्हणाली. "आज काही नाही."

हात तसाच राहिला. वसुमतीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती सरकून जवळ गेली आणि तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दुखलं," सुलभा झोपेतच म्हणाली, आणि कुशीवर वळली.